वाचायला शिकवणं वेगळं, पेपरला वेळ वाढवून मिळणं वेगळं

"एकदा सर्टिफिकेट निघालं की सुटलो," असं रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पालक म्हणतात. सर्टिफिकेट म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, हुशार मुलालाही वाचणं, लिहिणं किंवा गणित अडतं त्याचं. शाळेतून ऐकू येतं, "आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू." घोटाळा दोन्हीकडे एकच. मुलाला शिकण्यासाठी लागणारी मदत आणि परीक्षेत मिळणारी सवलत या दोन गोष्टी आहेत. देणारी माणसं वेगळी, मागायची वेळ वेगळी. आणि एक मिळाली म्हणून दुसरी मागोमाग चालत येत नाही.

समजा, हर्णै बंदराजवळचा चौथीतला मुलगा. सौंदाळा कुठला, बांगडा कुठला ते लांबून सांगतो. संध्याकाळच्या लिलावात कुठली पाटी कितीला गेली ते त्याला तोंडपाठ. वहीत मात्र 'भरती'ची 'बरती' होते, 'होडी'ची 'हडी', फळ्यावरचे ५२ वहीत २५ होऊन उतरतात. धडा वाचताना पहिलं अक्षर बघतो आणि पुढचा शब्द ठोकून देतो. तोच धडा कुणी वाचून दाखवला तर सगळी उत्तरं तोंडी बरोबर. प्रगतिपुस्तकात शेरा: 'हुशार आहे पण लक्ष देत नाही'. हे अध्ययन अक्षमतेचं लक्षण असू शकतं. असू शकतं एवढंच, कारण आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला हवेत. नुसत्या चष्म्याने सुटलेली 'अक्षमता'ही असते.

या मुलाला आज काय हवंय? कुणीतरी त्याला वाचायला शिकवायला हवंय, वर्गापेक्षा वेगळ्या पद्धतीने. एका वेळी दोन-तीनच अक्षरं, आवाजासकट, हाताने गिरवत. वाळू तर आपल्या दारातच आहे. आधी सुटी अक्षरं, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरं, आणि मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. फळ्यावरून उतरवून घ्यायला लावण्याऐवजी कागद हातात द्यायचा. इतिहास-भूगोलाची उत्तरं तोंडी घ्यायची. यातल्या कशालाही सर्टिफिकेट लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांची कामं सांगितली आहेत. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि शिकवण्यात त्यावर उपाय करायचे, हे त्यातलंच एक. कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांबद्दल बोलतं, म्हणजे चिपळूण-कणकवलीतल्या मान्यताप्राप्त इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळाही त्यात आल्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडून मिळतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं. अर्जात 'मुलगा कच्चा आहे' असं लिहू नका. काय जमतं, काय जमत नाही ते लिहा आणि वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडा. विशेष शिक्षक एकाच शाळेचे नसतात, अनेक शाळांतून फिरतात. त्यात आपल्या शाळा वाडीवाडीवर, आणि पावसाळ्यात एकेका वाडीला पोहोचायचं म्हणजे दिवस जातो. त्यामुळे ते कधी येणार याहून मोठा प्रश्न, ते नसतील त्या दिवशी वर्गातल्या बाई काय करणार. तो आराखडा कागदावर मागून घ्या: तीन महिन्यांत नेमकं काय यायला हवं, आणि ते कोण तपासणार.

आता दुसरी गोष्ट. सर्टिफिकेट हे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांच्या तपासणीचं काम. केंद्राच्या स्वावलंबन या दिव्यांग प्रमाणपत्राच्या पोर्टलवर अर्ज करायचा आणि सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं. ते १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा करून घ्यावं लागतं, १८ चं कायमचं. इथेच घात होतो. चौथीत काढलेलं सर्टिफिकेट कपाटात जपून ठेवतात आणि दहावीचा फॉर्म भरताना कळतं की मुलगा पंधराचा झाला, चौदाव्या वर्षीची तपासणी राहूनच गेली. ती आठवी-नववीतच उरकून घ्या. पुष्कळ जण मुंबईत चाकरी करणाऱ्या बाबांच्या किंवा काकांच्या भरवशावर मे महिन्यात सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जातात. जायला हरकत नाही. फक्त चाचण्या एका फेरीत पुऱ्या होतील असं धरून परतीचं तिकीट काढू नका.

त्या कागदावर बोर्डाच्या परीक्षेत मिळतं काय? तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरजेप्रमाणे लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ, रायगडवाल्यांचं मुंबई मंडळ.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे या दुसऱ्या गोष्टीच्या मागे फार धावतात. कोकण मंडळ दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात वर असतं, त्याचा ताण घराघरात पाचवीपासूनच सुरू होतो. पण ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, तो जादाच्या तासात करणार काय? पंख्याकडे बघत बसणार. लेखनिकाचंही तेच. तो खालच्या इयत्तेतला मुलगा, सांगाल ते लिहिणार. पूर्ण वाक्यात उत्तर सांगणं, लिहून झालेलं परत वाचून घेणं, चूक दुरुस्त करायला सांगणं, याची सवय नसेल तर समोर लेखनिक असूनही पोरगं गप्प बसतं. ही सवय नववीच्या घटक चाचण्यांपासून लावावी लागते आणि ती शाळेतच लागते, रुग्णालयात नाही.

उलटी चूकही बघायला मिळते. एखाद्या बाई तीन वर्षं जीव ओतून शिकवतात, मुलगी हळूहळू वाचायला लागते आणि घरचे म्हणतात, आता कशाला तो शिक्का? वाचायला लागली तरी तिचा वेग कमीच राहण्याची शक्यता असते आणि बोर्डाचं घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही. अशा मुलीला जादा वेळेचा सर्वांत जास्त उपयोग होतो. तपासणीला जाताना बाईंनी ठेवलेल्या नोंदी आणि चौथीपासूनच्या वह्या बरोबर न्या. मुलीला नेमकं कुठे अडतं आणि शिकवून किती फरक पडला, हे तपासणाऱ्याला त्यातून दिसतं. बाजारातल्या क्लासवाल्याने दिलेला 'डिस्लेक्सिया रिपोर्ट' मात्र मंडळाकडे चालत नाही, त्यावर पैसे घालू नका.