रक्तगट आणि कर्करोगाचा धोका

एबीओ रक्तगट आणि काही कर्करोगांचे प्रमाण यांच्यात आढळणारा संबंध. तो खरा आहे, पण लहान आहे. जठर आणि स्वादुपिंड सोडले तर इतर अवयवांबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी फारसे जुळत नाहीत.

1953 मध्ये एअर्ड, बेंटॉल आणि रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमधील जठरकर्करोगाच्या रुग्णांचे रक्तगट तपासले, तेव्हा ए गटाचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. अशा अभ्यासात घोळ होतो तो तुलनेसाठी माणसे निवडताना. रक्तगटांचे प्रमाण प्रदेशागणिक आणि समाजागणिक बदलते; रुग्ण एका मुलखातले आणि निरोगी माणसे दुसऱ्या मुलखातली घेतली, तर नसलेला संबंधही दिसू लागतो. म्हणून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली स्वीडन-डेन्मार्कची पाहणी वजनदार ठरते. दहा लाखांहून अधिक रक्तदात्यांच्या नोंदींत ए गटात जठरकर्करोग ओ गटापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त आढळला. पेप्टिक अल्सर (जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण) मात्र ओ गटात जास्त होता.

स्वादुपिंडाबाबत 2009 मध्ये अमेरिकेतील 1,07,503 आरोग्य-व्यावसायिकांची आकडेवारी आली. दर लाख व्यक्तिवर्षांमागे (एका माणसाचे एक वर्ष म्हणजे एक व्यक्तिवर्ष) ओ गटात 27, ए गटात 36, एबीमध्ये 41 आणि बीमध्ये 46 रुग्ण. ‘बी गटाला धोका सत्तर टक्के जास्त’ असा मथळा यातूनच निघतो. प्रत्यक्षात फरक वर्षाला लाखामागे 19 जणांचा. भारतात बी गट युरोपपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, तरी स्वादुपिंडाचा कर्करोग इथे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमीच आहे.

एबीओ जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. त्यातून तयार होणारे विकर (एन्झाइम) पेशीवरच्या शर्करांच्या साखळीला ए किंवा बी गटाची शर्करा जोडते. ओ गटात ते निकामी असते. या शर्करा तांबड्या पेशींपुरत्या नसतात, जठर व स्वादुपिंडाच्या अस्तरावरही असतात. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूचे अस्तराला चिकटणे आणि शरीरातील दाह यांवर त्यांचा परिणाम होत असावा, असे मानतात. कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. रक्तगट पाहून कोणाचीही कर्करोग-तपासणी ठरवली जात नाही. तंबाखू सोडणे, हेलिकोबॅक्टरचा संसर्ग आढळल्यास उपचार घेणे, हे बदलता येते, गट नाही.

रक्तपेढीला वेगळीच अडचण येते: कर्करोगामुळे गटच चुकीचा वाचला जाणे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात जंतूंचे विकर ए गटाच्या शर्करेतील अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक भाग काढून टाकते आणि ती बी शर्करेसारखी दिसू लागते. गट ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बी-विरोधी द्रावणाने पेशींच्या गुठळ्या होतात, पण त्या सहसा क्षीण, आणि नोंद ‘एबी’ अशी पडते. रुग्णाच्या रक्तद्रवात मात्र बी-विरोधी प्रतिपिंडे शाबूत असतात. एबी रक्त चढवले तर चढवलेल्या पेशी फुटतात. पेशींवरून ठरलेला गट आणि रक्तद्रवातील प्रतिपिंडांवरून ठरलेला गट जुळत नाहीत असे दिसताच आम्लधर्मी केलेल्या बी-विरोधी द्रावणाने चाचणी पुन्हा करतात. खऱ्या बी पेशी त्यातही गोळा होतात, अशा रुग्णाच्या पेशी होत नाहीत. मग रुग्णाला ए किंवा ओ गटाच्या तांबड्या पेशी देतात.