तैपेई 101 च्या पोटातला लंबक

8 ऑगस्ट 2015 रोजी सौदेलोर हे टायफून वादळ तैवानवर आदळले, तेव्हा राजधानी तैपेईमधील तैपेई 101 या इमारतीच्या आत टांगलेला 660 टनांचा पोलादी गोळा आपल्या जागेपासून सुमारे एक मीटर हलला. त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले आणि ते पाहून अनेकांच्या छातीत धस्स झाले. वास्तविक तो गोळा हलत होता म्हणूनच इमारतीचे हेलकावे आटोक्यात राहिले होते.

2004 च्या अखेरीस पूर्ण झालेली 508 मीटर उंचीची तैपेई 101 ही अर्धा किलोमीटर उंची ओलांडणारी जगातील पहिली इमारत होय. क्वालालंपूरच्या 452 मीटर उंचीच्या पेट्रोनास मनोऱ्यांकडून तिने जगातील सर्वांत उंच इमारतीचा मान घेतला आणि 2010 मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाने तो तिच्याकडून घेतला. पर्यटकांचा ओघ मात्र त्यानंतरही थांबला नाही. शहराचे विहंगम दृश्य आज अनेक उंच इमारतींवरून दिसते, पण इमारतीला सावरणारी यंत्रणा इतक्या जवळून पाहता येण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते. इतर बहुतेक गगनचुंबी इमारतींत अशी यंत्रणा बंद दाराआड असते. येथे ती उघडी ठेवून तिच्याभोवती सज्जे बांधले, हा निर्णय मला इमारतीच्या उंचीपेक्षाही मोलाचा वाटतो.

उंच इमारत वाऱ्याने हलते, एवढे आपण ऐकून असतो. पण ती नेमकी कशी हलते हे समजून घेण्यासारखे आहे. वारा इमारतीला अडखळून तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे जातो, तेव्हा मागच्या बाजूला हवेचे भोवरे तयार होतात. हे भोवरे दोन्ही कडांवरून एकाच वेळी सुटत नाहीत. एक डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. ज्या बाजूने भोवरा सुटतो त्या बाजूला हवेचा दाब क्षणभर कमी होतो आणि इमारत तिकडे ओढली जाते. त्यामुळे वारा समोरून येत असला, तरी इमारत त्याच्या आडव्या दिशेने डोलू लागते.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला योग्य क्षणी हलकासा धक्का देत राहिले, तर झोका चढत जातो, हे आपल्याकडे प्रत्येकाने अनुभवलेले असते. प्रत्येक झोपाळ्याला स्वतःची लय असते आणि धक्के त्या लयीत पडले, की थोड्या बळानेही मोठे आंदोलन घडते. यालाच अनुनाद म्हणतात. तैपेई 101 ची स्वतःची लय सुमारे सात सेकंदांची आहे; म्हणजे एका बाजूला झुकून, दुसरीकडे जाऊन पुन्हा पूर्वस्थितीत येण्यास तिला साधारण तेवढा वेळ लागतो. भोवऱ्यांचे धक्के या लयीशी जुळले, तर झोका चढत जाण्याचा धोका असतो.

त्यावरचा पहिला उपाय आकारातच आहे. वास्तुरचनाकार सी. वाय. ली यांच्या आराखड्यात आठ-आठ मजल्यांचे आठ भाग बांबूच्या पेरांसारखे एकावर एक रचलेले आहेत आणि चिनी परंपरेत आठ हा आकडा शुभ मानला जातो. या रचनेचे कोपरे सरळ न ठेवता पायऱ्यांसारखे दोनदा आत कापलेले आहेत. वातबोगद्यात लहान प्रतिकृतींवर केलेल्या चाचण्यांत असे दिसून आले, की कोपऱ्यांतील या बदलामुळे वाऱ्याचा भार सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो, कारण तीक्ष्ण कडेवरून जसे जोरकस, शिस्तबद्ध भोवरे सुटतात तसे तुटक कडेवरून सुटत नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे तो सोनेरी रंगाचा गोळा. साडेपाच मीटर व्यासाचा हा गोळा अखंड उचलून वर नेणे क्रेनच्या आवाक्यात नव्हते. म्हणून पोलादाच्या 41 जाड गोल चकत्या वर नेऊन, एकमेकींवर रचून व जोडून तो जागेवरच घडवण्यात आला. जाड पोलादी दोरांनी तो 92व्या मजल्यापासून खाली टांगलेला आहे आणि त्याचा तळ 87व्या मजल्यापर्यंत पोहोचतो. लंबकाला एका झोक्यास लागणारा वेळ त्याच्या वजनावर नव्हे, तर लांबीवर ठरतो. त्यामुळे लांबी योग्य राखून या गोळ्याची लय इमारतीच्या लयीशी जुळवता आली.

लय एकच असली, तरी पावले एकत्र पडत नाहीत आणि सगळी किमया त्यातच आहे. इमारत पूर्वेकडे निघाली, की गोळा जडत्वामुळे मागे रेंगाळतो. इमारत मधल्या स्थितीतून सर्वाधिक वेगाने पूर्वेकडे जात असते, त्या क्षणी गोळा तिच्या तुलनेत पश्चिमेच्या टोकाला असतो आणि दोरांमधून तिला मागे ओढतो. परतीच्या प्रवासात हेच उलट दिशेने घडते. गोळ्याने अशा रीतीने घेतलेली ऊर्जा त्याच्याभोवतीच्या तेलाने भरलेल्या दट्ट्यांकडे जाते. दट्टे दाबले जाताना तेल अरुंद वाटांतून रेटले जाते आणि वाऱ्याने दिलेली गती अखेर उष्णतेच्या रूपात विरून जाते. इमारतीच्या एकूण वजनाच्या एक टक्काही नसलेला हा गोळा तिचे डोलणे सुमारे 30 ते 40 टक्क्यांनी कमी करतो.

हा गोळा नसता, तर इमारत कोसळली असती असे मात्र नाही. तिची ताकद कोपऱ्यांजवळच्या, काँक्रीटने भरलेल्या आठ महाकाय पोलादी खांबांत आणि जमिनीत खोलवर, खडकापर्यंत गेलेल्या 380 खांबांच्या पायात आहे. गोळा आहे तो आत काम करणाऱ्या माणसांसाठी. आपल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वेग कळत नाही, वेगातील बदल कळतो. आणि संथ लयीत सतत होणारा असा बदल बोट लागल्यासारखी मळमळ निर्माण करतो. याच इमारतीच्या लिफ्टमध्ये त्याची दुसरी बाजू अनुभवास येते. मिनिटाला 1010 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 60 किलोमीटर वेगाने ती पाचव्या मजल्यावरून 89व्या मजल्यावर 37 सेकंदांत पोहोचते. सुरू झाली तेव्हा ती जगातील सर्वांत वेगवान लिफ्ट होती. तरीही मधल्या प्रवासात शरीराला विशेष काही जाणवत नाही. जाणवतो तो हवेच्या दाबातील फरक, आणि कानांना दडे बसू नयेत म्हणून लिफ्टच्या डब्यातील दाब यंत्राद्वारे हळूहळू बदलला जातो.

हा गोळा भूकंपासाठी बसवला आहे, असा समज बराच रूढ आहे. मात्र भूकंपाचे हादरे बहुधा सेकंदाच्या अंशात दिशा बदलतात, तर सात सेकंदांची लय असलेल्या इमारतीला तेवढ्या वेळात प्रतिसाद द्यायलाच फारसा अवसर मिळत नाही. तिची लवचीकता हेच तिथे मुख्य संरक्षण ठरते. त्याची परीक्षा बांधकाम चालू असतानाच झाली. 31 मार्च 2002 रोजी झालेल्या 6.8 तीव्रतेच्या भूकंपात त्या वेळच्या सर्वांत वरच्या, म्हणजे 56व्या मजल्यावरील दोन क्रेन कोसळल्या आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या तपासणीत मुख्य सांगाड्याला इजा झालेली आढळली नाही आणि काम पुन्हा सुरू झाले.

मोठ्या गोळ्याखेरीज आणखी दोन लहान वस्तुमाने इमारतीच्या माथ्यावरील मनोऱ्यात बसवलेली आहेत. ती पर्यटकांना दिसत नाहीत. मनोरा सडपातळ असल्याने वाऱ्यात अधिक झपाट्याने थरथरतो, आणि तार पुन्हापुन्हा वाकवली की जशी अखेर तुटते, तसे लाखो वेळा ताण आलेल्या पोलादातही सूक्ष्म भेगा पडू शकतात. मनोऱ्यातील वस्तुमाने ही थरथर कमी करून पोलादाचे आयुष्य वाढवतात.