अपघाताची वर्दी

अपघाताची वर्दी : कामाच्या जागी माणूस दगावला, जबर जखमी झाला किंवा माणसे वाचली तरी मोठी दुर्घटना घडली, तर ती सरकारी यंत्रणेला ठरलेल्या मुदतीत कळवण्याची मालकावर असलेली कायदेशीर जबाबदारी. कायद्याच्या मराठीत हिला ‘अपघाताची सूचना’ म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मात्र ‘डिशला कळवलं का?’ असेच विचारले जाते. डिश हे राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप. जुन्या कामगारांच्या तोंडी अजूनही ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’ आहे.

ठाणे जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे. ठाण्याचे वागळे इस्टेट, खाडीपलीकडे दिघा-ऐरोलीपासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा नेरुळपर्यंत उतरत गेलेला एमआयडीसीचा पट्टा आणि वर डोंबिवली-अंबरनाथ या भागांत रसायने, औषधे, रंग, प्लास्टिक, इंजिनिअरिंग अशी सगळी कामे शेजारी शेजारी चालतात. मोठ्या कंपनीच्या कुंपणाला लागूनच दहा-बारा माणसांचे गाळे असतात. भाजलेल्या कामगाराला ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये न्यायचे, हे इथल्या रिक्षावाल्यालाही सांगावे लागत नाही.

४८ तासांची रेघ

भारतात पहिला कारखाने कायदा १८८१ मध्ये झाला, तेव्हापासून अपघात कळवण्याची अट आहे. आजची चौकट कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ मधून आली; तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. अपघातात मृत्यू झाला, किंवा जखमी माणूस अपघातानंतर लगेचचे ४८ तास वा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने वर्दी द्यायची. महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांनुसार जीवघेण्या अपघाताची खबर आधी टेलिफोनने, खास माणूस धाडून किंवा तारेने द्यायची आणि मागोमाग ठरलेल्या नमुन्यात लेखी अहवाल पाठवायचा. तार बंद झाली, पण त्या शब्दातली घाई कायम आहे. ही खबर निरीक्षकाप्रमाणेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि कामगाराच्या नातेवाइकांनाही द्यायची असते. घरच्यांना कळवणे हा कर्तव्याचाच भाग आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

मृत्यू लपवणे अवघड. लपवाछपवी होते ती ४८ तासांच्या रेघेवर. समजा, पावण्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या कारखान्यात, मंगळवारी दुपारी एकाच्या तर्जनीचे टोक डायखाली (साच्याखाली) गेले. कायद्याच्या दृष्टीने तो गुरुवारी दुपारपर्यंत काम करू शकला की नाही, एवढाच प्रश्न आहे. मग बुधवारी सकाळी त्याला घरून बोलावून घेतात. हाताला पांढरा गठ्ठा बांधलेला, तोंड उतरलेले, आणि तो टाइम ऑफिसात खुर्चीवर बसून असतो. त्याचे कार्ड पंच होते. याला ‘लाइट ड्यूटी’ म्हणतात. प्रेस चालवणारा माणूस खुर्चीवर बसला म्हणजे तो काम करतो आहे, असे मानणे ही कायद्याची सरळ थट्टा आहे. तो त्याचे काम करू शकत नाही, हे कुणालाही दिसते. गेटवरच्या फलकावर मात्र ‘अपघाताविना दिवस’ या शब्दांपुढचा आकडा एकने वाढतो. त्या आकड्यावर कुठे बक्षीस, कुठे पुढचे कंत्राट अवलंबून असते. त्यामुळे सुपरवायझरपासून वरपर्यंत साऱ्यांनाच तो मोडायला नको असतो.

त्या बोटाची किंमत कायद्याने आधीच लिहून ठेवली आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत अख्खी तर्जनी गेल्यास कमाईच्या ताकदीतली घट १४ टक्के, दोन पेरी गेल्यास ११, एक पेर गेल्यास ९ आणि हाड न जाता नुसते टोक गेल्यास ५ टक्के धरली होती. अंगठ्याला ३० टक्के. हाड गेले की नाही, यावरच पाचाचे नऊ होतात. अपघाताचा कागदच झाला नसेल, तर या टक्क्यांपर्यंत पोचणेच मुश्कील होते.

नमुन्यात काय विचारतात

वर्दीचा छापील नमुना वाचण्यासारखा आहे. यंत्र कोणते, त्याचा कोणता भाग लागला, तो त्या क्षणी यांत्रिक शक्तीने फिरत होता का, जखमी माणूस नेमके काय करत होता, कुणी पाहिले, कोणत्या डॉक्टरने तपासले, असे प्रश्न त्यात येतात. त्यात एक साधा वाटणारा रकाना आहे : त्या दिवशी तो किती वाजता कामावर चढला? अपघात रात्री अकराचा असेल आणि उत्तर ‘सकाळी सात’ असेल, तर सोळा तासांची पाळी त्या दोन आकड्यांत उघडी पडते. ‘कारण’ या रकान्यात मात्र बहुतेक वेळा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते. हे कारण मानता येत नाही. गार्ड (यंत्रावरचे संरक्षक आवरण) का नव्हता, होता तर का काढला, तो काढल्याशिवाय ठरलेले नग निघत होते का, याचे उत्तर त्या दोन शब्दांत नसते.

ठेकेदाराच्या माणसाबाबत सर्वांत जास्त गोंधळ घातला जातो. ‘तो आमच्या रोलवर नाही’ हे वाक्य या पट्ट्यात रोज ऐकू येते. १९४८ च्या कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूस येत असे, मग मूळ मालकाला त्याची माहिती असो वा नसो. तेव्हा अपघात ज्या कारखान्यात झाला, त्याच्या व्यवस्थापकालाच तो कळवावा लागे.

कुणी जखमी झाले नाही तरी

१९७६ च्या दुरुस्तीने कलम ८८-अ आले. नियमांत नमूद केलेल्या धोकादायक घटना, म्हणजे दाबपात्र (दाबाखाली वायू किंवा वाफ साठवणारी टाकी) फुटणे, क्रेन कोसळणे, स्फोट, आग यांसारखे प्रकार, कुणाला ओरखडा आला नसला तरी कळवायचे. कलम ८९ प्रमाणे शिशाची विषबाधा, सिलिकोसिस (दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) अशा व्यवसायजन्य आजारांची खबर द्यायची असे आणि ती देण्याचे बंधन उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही होते. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कायदा कडक झाला. घातक रसायनांबाबतचे १९८९ चे नियम मोठा अपघात ४८ तासांत संबंधित प्राधिकरणाला कळवायला सांगतात. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी कितीतरी कामगारांचा जीव घेतला आणि आसपासच्या इमारतींच्या काचाही फोडल्या. लहान गळती, किरकोळ भडका वेळीच कळवले गेले पाहिजेत, ते यासाठी.

स्फोट झाला की तोंडातोंडी ‘बॉयलर फुटला’ अशीच बातमी पसरते. रसायनांच्या कारखान्यात अनेकदा फुटतो तो, रसायनांची प्रक्रिया ज्या बंद पात्रात होते तो रिअ‍ॅक्टर, बॉयलर नव्हे. हा फरक शब्दापुरता नाही, कारण बॉयलरची वर्दी बाष्पके संचालनालयाकडे जाते. तसेच विजेच्या धक्क्याचा अपघात विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाला कळवावा लागतो.

बाकीच्या खिडक्या

एकाच अपघाताची खबर तीन-चार ठिकाणी द्यावी लागते आणि एकीकडे दिली म्हणून दुसरीकडची चुकत नाही. ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) विनियमांत नमुना ११ ची अपघात वही आणि नमुना १२ चा अपघात अहवाल आहे. गंभीर इजा असेल तर अहवाल ताबडतोब, एरवी २४ तासांत पाठवायचा. तो गेला तरच तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने मिळणारा लाभ सुरळीत सुरू होतो. ईएसआय (हा विमा) नसलेल्या कामगारासाठी १९२३ च्या कायद्यात कलम १०-ब होते. त्यानुसार मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा झाल्यास सात दिवसांत नुकसानभरपाई आयुक्ताला अहवाल द्यायचा असे. हातापायाचे हाड मोडणे किंवा २० दिवसांहून जास्त घरी बसावे लागणे, हीसुद्धा या कलमात गंभीर इजाच होती.

मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते आणि हलगर्जीपणा दिसल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. जखमी कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा सिव्हिलला गेला तर तिथे एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची नोंद) होते आणि पोलिसांना तिथूनच कळते. काही मालक म्हणूनच जखमीला ओळखीच्या छोट्या नर्सिंग होममध्ये नेतात. तिथल्या केस पेपरवर ‘घरी पडला’ किंवा ‘मोटारसायकलवरून पडला’ असे लिहिले जाते. नंतर सगळी लढाई त्या एका ओळीशी होते. सोबत गेलेल्या सहकाऱ्याने ‘कंपनीत मशीनवर लागलं’ हे शब्द केस पेपरवर यायलाच हवेत असा आग्रह धरला, तर जखमीला त्याहून मोठी मदत दुसरी नाही.

बांधकामे

घोडबंदर रोडवरचे टॉवर, नवी मुंबईतली विमानतळाची आणि रस्त्यांची कामे यांना कारखान्याचा कायदा लागत नव्हता. त्यांच्यासाठी १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा होता, त्यात कलम ३९ अपघाताच्या सूचनेचे. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. त्याआधी महिन्याभरापूर्वीच, ३१ जुलै-१ ऑगस्टच्या रात्री, शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गावर गर्डर चढवणारे यंत्र कोसळून वीस जण ठार झाले होते. अशा मोठ्या दुर्घटना बातमी म्हणूनच सरकारपर्यंत पोचतात. पायाडावरून पडून कंबर मोडलेला एकटा बिगारी मात्र गावी पाठवला जातो आणि नोंदीत कुठेच येत नाही. नाक्यावरून उचललेल्या माणसाचे पूर्ण नावही कित्येकदा साइटवर कुणाला माहीत नसते.

नवी संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाने व बांधकाम कामगार कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली, तर नुकसानभरपाई व ईएसआयचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. मृत्यू आणि ४८ तास या कसोट्या कलम १० मध्ये जशाच्या तशा आहेत, धोकादायक घटना कलम ११ मध्ये आणि आजार कलम १२ मध्ये. मृत्यूच्या अपघाताची चौकशी पूर्वी वर्दी मिळाल्यापासून एका महिन्यात करायची होती, आता दोन महिने दिले आहेत. हा बदल कामगाराच्या हिताचा म्हणता येणार नाही. दोन महिन्यांत यंत्र दुरुस्त होते, साक्षीदार गावी जातो. उलट कलम १०३ ची तरतूद चांगली आहे. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि दंडाचा निम्मा तरी भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय काढू शकते.

वीज वापरणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी १९४८ च्या मूळ कायद्यात दहा कामगार लागत, संहितेत वीस लागतात. त्यामुळे बारा माणसांच्या गाळ्याचा मालक ‘आमचा कारखानाच नाही’ म्हणू लागेल. पण दहा कामगारांची कुठलीही आस्थापना संहितेत येते आणि कलम १० आस्थापनेला लागू आहे. तेव्हा वर्दी त्यालाही द्यावीच लागते.

वर्दी गेलीच नाही तर

कामगार, सहकारी किंवा युनियन थेट निरीक्षकाला कळवू शकतात. १९४८ च्या कायद्याच्या कलम १११-अ ने सुरक्षेच्या अपुऱ्या व्यवस्थेबद्दल निरीक्षकाकडे जाण्याचा हक्क कामगाराला दिला होता आणि ११८-अ ने तक्रार कुणी केली हे गुप्त ठेवण्याचे बंधन निरीक्षकावर घातले होते. भरपाईच्या बाबतीत १९२३ च्या कायद्याने एक दार मुद्दाम उघडे ठेवले. अपघाताची नोटीस दिली नाही किंवा तिच्यात चूक राहिली, म्हणून दावा फेटाळता येत नाही, जर मालकाला अपघात दुसऱ्या कुठल्याही मार्गाने समजला असेल. जखमीला ज्या टेम्पोतून दवाखान्यात नेले, तो टेम्पो मालकाचाच असेल, तर ‘मला कळलंच नाही’ हे त्याला म्हणता येत नाही.