पाच वर्षांची मुदत आणि दर निवडणुकीला नवा प्रभाग

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महानगरपालिकांसाठी मतदान झालं. मुंबईबाहेरच्या शहरांत मतदाराने अ, ब, क, ड अशा गटांत साधारण चार मतं दिली. सगळी मतं पडल्याशिवाय यंत्राचा बझर वाजत नाही, त्यामुळे दोन बटणं दाबून निघालेल्यांना केंद्रातले कर्मचारी परत बोलावत होते. मुंबईत मात्र एक मतदार, एक वॉर्ड, एक नगरसेवक. एकाच राज्यात, एकाच दिवशी असे दोन नियम का, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

नगरपालिकेत निवडून गेलेल्या माणसाने किती दिवस बसायचं, हा प्रश्न आपल्याकडे आधी रिवाजाने सुटला. मुंबईत 1931 साली पालिकेच्या अध्यक्षाला ‘महापौर’ हे नाव मिळालं. पद एका वर्षाचं, आणि ते वेगवेगळ्या समाजांकडे आळीपाळीने जावं असा संकेत. पुढे कायद्याने महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची झाली. नगरसेवकाने मात्र किती वेळा निवडून यावं, याला महाराष्ट्रात कधीच मर्यादा नव्हती आणि आजही नाही. एकाच वॉर्डातून चार-पाच वेळा निवडून आलेली माणसं प्रत्येक शहरात सापडतील.

खरा घोळ सभागृहाच्या मुदतीचा होता. निवडणूक कधी घ्यायची हे राज्य सरकारच्या मर्जीवर असल्याने मुदतवाढ आणि प्रशासक हे नेहमीचेच झाले होते. मुंबई महापालिकेची 1985 नंतरची निवडणूक थेट 1992 मध्ये झाली. देशभर कमीअधिक फरकाने हेच चालू होतं, म्हणूनच 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीत मुदतीचं कलम इतक्या कडक शब्दांत आलं. पंचायत असो वा पालिका, मुदत पाच वर्षं, ‘त्यापेक्षा अधिक नाही’, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झालेली असली पाहिजे. मध्येच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत निवडणूक. दोन्ही दुरुस्त्या 1993 मध्ये लागू झाल्या आणि 1994 मध्ये राज्य निवडणूक आयोग उभा राहिला. माझ्या मते स्थानिक लोकशाहीला मिळालेली ही सगळ्यांत मोलाची ओळ आहे. राखीव जागा, वित्त आयोग, वॉर्ड समित्या हे सगळं महत्त्वाचंच, पण सभागृहच नसेल तर या गोष्टी बसवायच्या कुठे?

घटनेने मुदत बांधली, पण निवडणुकीची रीत राज्यांवर सोडली. तिथून महाराष्ट्रातला खेळ सुरू झाला. मुंबईबाहेर 2002 ला तीन सदस्यांचे प्रभाग आले, 2007 ला पुन्हा एकेक वॉर्ड, 2012 ला दोन सदस्य, 2017 ला चार. महाविकास आघाडीच्या काळात तीनचा निर्णय झाला, सरकार बदललं आणि परत चार. मुंबईतही 2021 मध्ये 227 जागांच्या 236 ठरल्या आणि 2022 मध्ये पुन्हा 227 झाल्या. मोठ्या प्रभागात पक्षाचं चिन्ह चालतं, लहान वॉर्डात माणूस चालतो, हे कुठलाही कार्यकर्ता सांगेल. सत्तेवर असलेल्याला जे सोयीचं, ते कायद्यात येत गेलं. चार सदस्यांच्या प्रभागात राहणाऱ्याला त्याचा अर्थ तुंबलेल्या ड्रेनेजपाशी कळतो. एकाला फोन करा, तो दुसऱ्याचं नाव सांगतो. दुसरा म्हणतो, ती गल्ली आम्ही आपसात तिसऱ्याला वाटून दिली आहे. चारही जण आपले, आणि जबाबदार कुणीच नाही.

थेट निवडीचंही तसंच. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2001 मध्ये आली, काही वर्षांत गेली, 2016 मध्ये परत आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये पुन्हा आली. सरपंचाची थेट निवड 2017 ची. तीही 2020 ला रद्द होऊन 2022 ला परतली. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, म्हणजे सभेत रोज अडवाअडवी, हा थेट निवडीवरचा आक्षेप खरा आहे. सदस्यांची पळवापळवी आणि सहलीवर नेणं थांबतं, हा फायदाही खराच. 2017 च्या सरपंच कायद्यात यावर विचार दिसतो: पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येणार नाही, त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेचा कौल हवा. असा विचारपूर्वक घातलेला नियमही तीन वर्षं टिकला नाही, याचं वाईट वाटतं.

खुर्ची हलवण्याचं काम आपल्याकडे प्रत्यक्षात करते ती आरक्षणाची सोडत. शाळेतली मुलं पारदर्शक डब्यात हात घालून चिठ्ठी काढतात, अधिकारी ती उघडून सगळ्यांना दाखवतात, आणि वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेल्या माणसाला कळतं की जागा महिलेसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने 1990 मध्येच महिलांना 30 टक्के जागा दिल्या होत्या. घटनादुरुस्तीने एक तृतीयांश झाल्या, 2011 मध्ये निम्म्या. अनेक घरांत पत्नी उभी राहिली आणि कारभार पतीने केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच चिठ्ठीने हजारो बायका सभागृहात आल्या आणि त्यातल्या पुष्कळ जणी स्वतःच्या बळावर टिकल्या.

आरक्षणाच्याच प्रश्नावर पाच वर्षांची ती ओळ मोडली. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावली: स्वतंत्र आयोग, स्थानिक संस्थानिहाय माहिती आणि एकूण 50 टक्क्यांची मर्यादा. माहिती तयार नव्हती. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. ही माहिती गोळा करण्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलैमध्ये न्यायालयाने त्यानुसार आरक्षणाला वाट दिली, आणि पुढच्याच महिन्यात ‘जैसे थे’चा आदेश होऊन सगळं थांबलं. खरं तर प्रभागरचना अपुरी आहे म्हणून निवडणूक लांबवता येत नाही, हे याच न्यायालयाने 2006 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं होतं.

मुंबईत मार्च 2022 पासून प्रशासक बसला. नवी मुंबई आणि औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, मुदत तर 2020 मध्येच संपली होती. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं. ती मुदतही वाढवून 31 जानेवारी 2026 करावी लागली. बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, त्यानंतर महापालिकांसाठी. फेब्रुवारी 2017 च्या मतदानानंतर लगेच अठरा पूर्ण केलेल्या पुण्यातल्या मुलीने नगरसेवकासाठीचं पहिलं मत आपल्या सत्ताविसाव्या वर्षी दिलं.