अपडेटोत्तर मोबाइल डेटा-दोष

स्मार्टफोनची कार्यप्रणाली अपडेट केल्यावर मोबाइल डेटा चालेनासा होणे. रेंज पूर्ण दिसते, कॉल लागतात, वाय-फायवर सगळे सुरळीत असते. वाय-फाय बंद केले की मात्र नेट नाही, असे या दोषाचे नेहमीचे रूप. रेडिओचा भागच निकामी झाल्याने असे घडणे विरळा. बहुधा बिघडलेली असते ती सेटिंगच्या तक्त्यातील एक ओळ. तिला ॲक्सेस पॉइंट नेम, व्यवहारात एपीएन, म्हणतात.

एपीएनची रचना : एपीएन जीपीआरएस या जुन्या मोबाइल डेटासेवेबरोबर आले. जीपीआरएसचे प्रमाणीकरण एत्सी या युरोपीय मानक संस्थेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले आणि व्यापारी सेवा २००० च्या सुमारास सुरू झाल्या. डेटा सुरू करताना आपल्याला कोणत्या बाहेरच्या जाळ्यात जायचे आहे हे फोन एपीएनच्या रूपाने सांगतो, आणि सेवा कंपनीचे नेटवर्क त्या नावावरून योग्य गेटवे, म्हणजे त्या जाळ्याचे प्रवेशद्वार, शोधते. नावाचे दोन भाग असतात. पहिला जाळ्याची ओळख सांगणारा. तो जास्तीत जास्त ६३ बाइटांचा. वापरकर्ता टाइप करतो तो एवढाच. दुसरा सेवा कंपनीची ओळख सांगणारा. तो नेटवर्क स्वतः जोडते. त्यात ‘एमएनसी’ (कंपनीच्या जाळ्याचा) व ‘एमसीसी’ (देशाचा) हे संकेतांक आणि शेवटी ‘जीपीआरएस’ हा शब्द असतो. एमएनसी दोनच अंकी असेल तर पुढे शून्य लावून तो तीन अंकी करतात. संपूर्ण नाव १०० बाइटांपलीकडे जात नाही. फोर-जीच्या काळातही या नावाच्या शेपटाला ‘जीपीआरएस’ चिकटून राहिले, ही सुरुवातीच्या डेटासेवेची खूणच म्हणावी लागेल. फाइव्ह-जीत एपीएनला डेटा नेटवर्क नेम म्हणतात, काम तेच.

नाव चुकले, एखादा टिंब वा रिकामी जागा जास्त पडली, की नेटवर्क जोडणी नाकारते व नकाराचा क्रमांक पाठवते. २७ म्हणजे एपीएन नाही किंवा अनोळखी. २९ म्हणजे ओळखतपासणी फसली. ३३ म्हणजे मागितलेली सेवा ग्राहकाच्या योजनेत नाही. यांपैकी २७ व ३३ सारख्या काही नकारांनंतर फोनने त्याच नावाने लगेच पुन्हा विचारू नये, असा प्रमाणकात नियम आहे. थांबण्याचे मूळ मूल्य १२ मिनिटे असून नेटवर्क ते बदलू शकते. फोन बंद केल्यास किंवा सिम काढल्यास हा थांबण्याचा काळ संपतो. ‘बंद करून चालू करा’ या सल्ल्यामागे असे ठोस कारणही असते.

अपडेट नोंद पुसतो का : हाताने भरलेली एपीएन-नोंद अपडेटमध्ये नाहीशी होते की नाही, याविषयी परस्परविरोधी विधाने आढळतात. काहींच्या मते नोंद जाते. काहींच्या मते ती टिकते, दोष अन्यत्र असतो. दोन्ही मतांना आधार आहे, पण ते वेगवेगळ्या प्रणालींविषयी आहेत. आयफोनवर एपीएन बदलून नंतर आयओएस अपडेट केल्यास मूळ सेटिंग परत येते व नोंद पुन्हा भरावी लागू शकते, असे ॲपलच्या मदत-साहित्यातच नमूद आहे. अँड्रॉइडमध्ये जगभरच्या सेवा कंपन्यांच्या एपीएनची एक यादी प्रणालीसोबत येते व तिच्यावरून फोनमधील तक्ता भरला जातो. अपडेटमध्ये यादी बदललेली आढळल्यास कारखान्याच्या ओळी काढून नव्या भरतात. वापरकर्त्याने बदललेल्या ओळी ठेवण्याची तरतूद मूळ आज्ञावलीत आहे. मात्र पूर्वी निवडलेली ओळ नव्या यादीत जशीच्या तशी सापडली नाही तर निवड रिकामी राहू शकते. म्हणजे नोंद असते, तिच्यासमोरचा गोल मात्र भरलेला नसतो. अँड्रॉइडपुरते तरी ‘पुसली गेली’ यापेक्षा ‘निवड सुटली’ हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. फोन बनवणाऱ्या कंपन्या मूळ आज्ञावलीत फेरफार करतात, त्यामुळे अपवाद राहणारच.

दुसऱ्याच्या टॉवरवर चालणाऱ्या आभासी सेवा कंपन्यांच्या ग्राहकांना हा त्रास अधिक होतो. अशा सिमचे एमसीसी व एमएनसी यजमान कंपनीचेच असू शकतात. मग फोनला सिमवरील नाव, ग्राहकक्रमांकाचा आरंभ किंवा गटसंकेत पाहून फरक करावा लागतो. नव्या यादीत ती ओळ राहून गेली असल्यास फोन यजमान कंपनीचे एपीएन उचलतो आणि नकार येतो.

तपासणी : आधी डेटा चालू आहे का आणि दोन सिमच्या फोनमध्ये तो योग्य सिमला दिला आहे का, हे पाहावे. नंतर विमान-मोड अर्धा मिनिट लावून काढावा. फरक न पडल्यास फोन बंद करून चालू करावा. कॉल लागतो म्हणून डेटाची बाजू ठीक, असे समजू नये. फोर-जीवरील कॉल ‘आयएमएस’ या वेगळ्या एपीएनवरून जातात.

रेंजच्या दांड्यांजवळ फोर-जी वा फाइव्ह-जीची खूण येते का, यावरून पुढची दिशा ठरते. खूण येतच नसेल तर जोडणी बनत नाही, एपीएन पाहावे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, नेटवर्क व इंटरनेट, सिम, ॲक्सेस पॉइंट नेम असा मार्ग आहे. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. सेवा कंपनीने दिलेल्या मूल्यांशी प्रत्येक रकाना ताडावा. ‘एपीएन प्रकार’ या रकान्यात ‘डीफॉल्ट’ हा शब्द हवाच. नुसते ‘एमएमएस’ असेल तर चित्रसंदेश जातील, नेट चालणार नाही. आयपीव्ही४ व आयपीव्ही६ या इंटरनेट-पत्त्यांच्या दोन पद्धती. एपीएनमधील प्रोटोकॉल केवळ आयपीव्ही४ असा बदलला गेला आणि नेटवर्क केवळ आयपीव्ही६ देत असले, तर ५१ क्रमांकाचा नकार येतो, ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ निवडावे. नवी नोंद तीन ठिपक्यांच्या मेनूतून जतन करावी, आणि यादीत परतून तिच्यासमोरचा गोल भरावा. ही शेवटची पायरी पुष्कळदा राहते. त्याच मेनूतील ‘मूळ स्थितीत आणा’ हा पर्याय हाताने भरलेल्या ओळी काढून टाकतो. तो वापरण्यापूर्वी पडद्याचे चित्र घेऊन ठेवावे.

आयफोनवर ‘सामान्य’ मधील ‘माहिती’ हे पान उघडून वाट पाहावी. सेवा कंपनीचे नवे सेटिंग उपलब्ध असल्यास तेथेच विचारणा होते. एपीएनचे रकाने मोबाइल डेटाच्या पानात असतात, पण सेवा कंपनीची मुभा नसेल तर दिसत नाहीत. कार्यालयाने किंवा जुन्या सेवा कंपनीने बसवलेले प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा तयार संच, असेल तर त्यातील एपीएन वरचढ ठरू शकते. ते ‘व्हीपीएन व उपकरण व्यवस्थापन’ या पानात सापडते.

खूण आहे, पण तिच्यापाशी उद्गारचिन्ह आहे, अशी स्थिती असेल तर जोडणी बनली आहे आणि अडथळा पुढे आहे. पहिला संशय व्हीपीएनवर, म्हणजे सगळा डेटा आपल्या खाजगी मार्गाने नेणाऱ्या ॲपवर, घ्यावा. ‘व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा’ हे चालू असून अपडेटनंतर ते ॲप उठले नाही, तर कोणत्याच ॲपला नेट मिळत नाही. दुसरा संशय खाजगी डीएनएसवर. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा. ही सोय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, आहे. तिच्यात विशिष्ट सर्व्हरचे नाव भरलेले असेल आणि नेटवर्क ८५३ हे पोर्ट अडवत असेल, तर नावांचा शोध थांबतो. ती ‘आपोआप’ वर ठेवून पाहावे. एपीएनमधील प्रोटोकॉल केवळ आयपीव्ही४ असा बदलला गेला आणि नेटवर्क केवळ आयपीव्ही६ देत असले, तर ५१ क्रमांकाचा नकार येतो, ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ निवडावे. लहान पाने उघडतात, मोठी अर्ध्यावर अडकतात, हे लक्षण पाकिटाच्या, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या, कमाल आकाराचे. मोबाइल जाळ्यात आत वेष्टने चढत असल्याने प्रमाणकात फोनच्या बाजूने १३५८ बाइटांची मर्यादा सुचवलेली आहे. १५०० बाइटांची पाकिटे वाटेत अडू शकतात. एकाच ॲपला नेट नसेल तर डेटा सेव्हर व त्या ॲपची पार्श्वभूमी-परवानगी पाहणे पुरेसे.

नेटवर्क सेटिंग रीसेट : हा उपाय अनेक मार्गदर्शिकांत सर्वांत आधी दिलेला असतो. तो गुण देतो, पण वाय-फायचे पासवर्ड व ब्लूटूथच्या जोड्याही जाऊ शकतात, शिवाय दोष कुठे होता ते कळत नाही. एपीएन तपासल्यानंतरच तो करणे बरे. ई-सिम असल्यास ‘ई-सिम पुसा’ या पर्यायावर खूण नाही, याची खात्री करावी.

मोडेमचा दोष : अपडेटमध्ये पुष्कळदा मोडेमची, म्हणजे मोबाइल जाळ्याशी बोलणाऱ्या भागाची, आज्ञावलीही असते. ती नीट न बसल्यास डेटाच काय, रेंजही जाते. *#०६# लावल्यावर आयएमईआय हा फोनचा ओळख-क्रमांक न दिसणे, किंवा ‘फोनविषयी’ या पानात बेसबँड (मोडेमच्या आज्ञावलीची) आवृत्ती ‘अज्ञात’ असणे, ही त्याची लक्षणे होत. येथे एपीएन बदलून उपयोग नाही. तीच प्रणाली पूर्णपणे पुन्हा बसवावी लागते किंवा सेवा केंद्र गाठावे लागते.