सुट्टी दोन पोळ्यांची

माझ्या धाकट्या जावेची एक वही आहे. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, ती वजन करते आणि आकडा वहीत मांडते. गुढीपाडव्याला 84 किलो, आषाढी एकादशीला 77.5, पितृपक्ष लागला तेव्हा 75.6. आधी आठवड्याला चारशे-साडेचारशे ग्रॅम उतरायचे, आषाढीनंतर जेमतेम दोनशे. बडोद्यात नवरात्राची तयारी सुरू झाली तशी ती वही घेऊन माझ्याकडे आली. “ताई, माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय. डाएटमधून सुट्टी घेऊन एक दिवस भरपूर खाल्लं की ते रिसेट होतं म्हणे.” मोबाइलवर तसा व्हिडिओही होता. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘बंद पडलंय’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

मेटाबॉलिझम, म्हणजेच चयापचय, बंद पडत नाही. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचा ऊर्जाखर्च खूप घटला, पण वजनही जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरलं. खर्च कमी होणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र तो कमी होतो हे खरं, आणि का होतो हा मला शरीरशास्त्रातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

लहान शरीराला कमी ऊर्जा लागते, हे सरळ आहे. आठ किलोचं पोतं पाठीवरून उतरवल्यावर कमाटीबागेतली तीच फेरी स्वस्तात पडणारच. पण खर्च त्याहूनही जास्त घटतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लायबेल, रोझेनबॉम आणि हिर्श यांनी लोकांना रुग्णालयातच मुक्कामाला ठेवलं, मोजून द्रवरूप अन्न दिलं आणि वजन 10 टक्क्यांनी उतरवलं. 1995 साली आलेले त्यांचे आकडे असे: चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे रोजचा खर्च 6 ते 8 किलोकॅलरींनी घटला. असं शरीर 50 किलोचं धरलं, तर दिवसाला 300 ते 400 किलोकॅलरी. तूप लावलेल्या तीन पोळ्याच म्हणा ना. माझ्या जावेचं वजनही बरोबर 10 टक्केच उतरलं होतं.

ही काटकसर करायला शरीराला सांगतं कोण? चरबीच्या पेशी स्वतःच. 1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचं जनुक शोधलं. तोवर चरबी म्हणजे नुसतं कोठार अशीच समजूत होती. प्रत्यक्षात ते कोठार दिवसरात्र मेंदूला कळवत असतं, “माल एवढा शिल्लक आहे.” हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात पोहोचतो. तिथे चेतापेशींचे दोन गट शेजारी-शेजारी आहेत. एजीआरपी नावाचं प्रथिन बनवणारा गट भूक वाढवतो आणि खर्चाला लगाम घालतो. पीओएमसी नावाचं प्रथिन बनवणारा गट भूक शमवतो आणि हात सैल सोडतो. लेप्टिन पहिल्याला दाबतं, दुसऱ्याला चेतवतं. लेप्टिन घटलं की पारडं फिरतं. थायरॉइडचं टी-थ्री हे संप्रेरक उतरतं, शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी सिंपथेटिक चेतासंस्था मंदावते, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं: स्नायू किफायतशीर होतात. सायकल फार जोर न लावता चालवण्याचं तेच काम ते आधीपेक्षा कमी इंधनात उरकतात. म्हणजे जावेची बागेतली फेरी दोनदा स्वस्त झाली, एकदा हलक्या शरीरामुळे आणि एकदा काटकसरी स्नायूंमुळे. रोझेनबॉम यांनी वजन उतरवलेल्या लोकांना लेप्टिन टोचून त्याची रक्तातली पातळी पूर्वीइतकी केली, तेव्हा यातले बरेचसे बदल उलटले. निरोप कोण देतं याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण सुट्टीचा सगळा प्रश्न याच्यावर अडलाय. लेप्टिनमध्ये दोन बातम्या मिसळलेल्या असतात. एक, साठा किती आहे. दुसरी, आज आवक किती झाली. दोन दिवस कडक उपास केला तर चरबी नावापुरतीच घटते, पण लेप्टिन निम्म्याहून खाली जातं. पुन्हा जेवायला लागलं की ते वर येतं. ही आवकेची बातमी. डाएटमधून सुट्टी घेतल्यावर सुधारते ती एवढीच. साठ्याची बातमी सुधारायची तर गमावलेली चरबी परत आणावी लागेल, आणि ती कुणालाच नको असते. रॉकफेलरमधल्या लोकांची मोजणी कधी झाली होती? वजन उतरल्यावर ते लागेल तेवढं पोटभर अन्न घेऊन स्थिर असताना. उपाशी नव्हते, तरी काटकसर चालूच होती. म्हणून ‘रिसेट’ हा शब्द मला खोटा वाटतो. एका दिवसात नाही, पंधरा दिवसांतही नाही.

मग सुट्टीचा उपयोग काय? 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘मॅटाडोर’ प्रयोगाची बरीच चर्चा झाली. त्यात 51 लठ्ठ पुरुष होते. अर्ध्यांनी सलग 16 आठवडे एक तृतीयांश कमी खाल्लं; बाकीच्यांनी दोन आठवडे कमी, दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं, असं करत तेच 16 आठवडे एकूण 30 आठवड्यांत पुरे केले. सलगवाल्यांचं वजन सरासरी 9.1 किलोने उतरलं, सुट्टीवाल्यांचं 14.1 किलोने. आकडे मोहक आहेत. पण सगळे पुरुष, आणि जेवण संशोधकांनी घरपोच दिलेलं. पुढे 2021 मध्ये नियमित वजनं उचलणाऱ्या 61 जणांवर तीन आठवडे डाएट, एक आठवडा सुट्टी असा प्रयोग झाला, तेव्हा चरबी उतरण्यात काहीच फरक दिसला नाही. फरक दिसला तो भुकेत: सुट्टीवाल्यांना भूक कमी जाणवली.

माझा आवडता प्रयोग मात्र 2003 सालचा, रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री या संशोधकांचा. लोकांचं डाएट मोडतं कसं हे त्यांना अभ्यासायचं होतं, म्हणून त्यांनी मुद्दाम काहींना सहा आठवड्यांची, काहींना तीनदा दोन-दोन आठवड्यांची सुट्टी दिली. अपेक्षा अशी की हे लोक घसरतील. पण ते घसरले नाहीत! पुन्हा कामाला लागले, आणि शेवटी सलग करणाऱ्यांच्या बरोबरीनेच राहिले. जी सुट्टी ठरवून घेतली, जिची शेवटची तारीख आधीच माहीत होती, तिने डाएट मोडलं नाही. मला यात सुट्टीचं खरं बळ दिसतं. मन आणि भूक यांना तो विसावा आहे; चयापचयाची दुरुस्ती म्हणून त्याकडे बघू नये.

तेव्हा मी जावेच्या वहीतच हिशेब केला. आठवड्याला 200 ग्रॅम उतरतात. किलोभर चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी. म्हणजे तिची रोजची तूट 220. सुट्टीत फक्त ही तूट भरायची: दोन पोळ्या आणि चमचाभर तूप. ती माझ्याकडे बघतच राहिली. सुट्टी म्हणजे रोज सेव-उसळ, फाफडा-जलेबी असं तिच्या मनात होतं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही आपली जुनी म्हण उगाच नाही. शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी साध्या पोळी-भाजीच्या ताटाला सहज मागे टाकते. उपास भक्तीसाठी जरूर करावा. पण उपासाने शरीरातलं विष निघतं, असं कुणी सांगितलं तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडं एकादशी नसतानाही करतात, हे लक्षात ठेवावं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर आहार वाढवण्या-घटवण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यकच.

सुट्टी ठरली घटस्थापना ते कोजागिरी, बरोबर पंधरा दिवस. गरबा होताच, कोजागिरीचं आटवलेलं दूधही हिशेबात धरलं. एक गोष्ट आधीच बजावून ठेवली: काटा वर जाईल. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीच्या साखरेचा, साठा भरला की त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी येऊन बसतं. नेमकं याच वेळी घाबरून लोक सगळं सोडून देतात.

वहीतले पुढचे रविवार असे आहेत: 75.4, 76.2, 76.0. मग कोजागिरी झाली, त्या दोन पोळ्या ताटातून गेल्या, आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी 75.1. त्याच पानाच्या तळाशी तिने पुढची सुट्टी लिहून ठेवली आहे. उत्तरायणापासून, म्हणजे आपल्या संक्रांतीपासून, दोन आठवडे, उंधियू धरून.