आमूलाग्र हा शब्द आणि परसातला माड

यंदा आमच्या परसातला एक माड गेला. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरलेला, नवीन चुडतं म्हणजे झावळ्या उघडल्या त्या कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी, मग मधला कोंबच कुजला, आणि पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर जाऊन बघून आला तो एवढंच म्हणाला, "कोंब गेलो म्हणल्यार माड गेलो." खोड अजून ताठ उभं आहे, मुळं घट्ट आहेत, तरी झाड मेलंय. त्याच आठवड्यात पेपरात 'आमूलाग्र बदल' असं हेडिंग वाचलं आणि इतकी वर्षं डोळ्याखालून जाणारा हा शब्द पहिल्यांदा नीट दिसला.

फोड सोपी आहे. आ + मूल + अग्र. मूल म्हणजे मूळ, अग्र म्हणजे टोक, शेंडा. सुरुवातीचा 'आ' तोच, जो आजन्म, आमरण मध्ये आहे. पाणिनीनं या 'आ' चे दोन अर्थ सांगितलेत, मर्यादा आणि अभिविधी, म्हणजे ती हद्द सोडून किंवा ती हद्द धरून. आबालवृद्ध म्हटलं की बाळही आलं आणि म्हातारेही आले, तसंच इथं मूळही आत आणि शेंडाही आत. म्हणून 'अमुलाग्र' असं लिहू नका प्लीज, 'अ' लावला की उलट नकाराचा वास येतो.

इंग्रजीतला रॅडिकल लॅटिनमधल्या रॅडिक्सवरून आला, म्हणजे मूळ, आपण खातो तो मुळा म्हणजे रॅडिश पण तिथलाच. पण त्यात फक्त मूळ आहे. आपल्या शब्दात शेंडापण आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या नजरेतून बघितलं तर हे फार अचूक आहे.

कारण झाड उंचीला वाढतं ते फक्त टोकांना. वर शेंड्यात आणि खाली मुळांच्या टोकात सतत विभागणाऱ्या पेशी असतात, मधलं खोड ताणलं जात नाही. रेंदेरानं, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्यानं, चढायला माडाला पाडलेल्या खाचा बघा, वीस वर्षांनीही त्याच उंचीवर असतात, आणि माडात आंब्यासारखा खोड जाड करणारा पेशींचा थर नसल्यामुळे त्या भरूनही येत नाहीत. आंब्याचा शेंडा छाटला तर बाजूच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात. माडाला वाढीचा कोंब एकच, तो गेला की संपलं.

आणि ही दोन टोकं एकमेकांशी बोलत असतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं, त्यानं मुळं फुटायला मदत होते, आणि मुळांच्या टोकात बनणारी सायटोकायनिनं ही दुसरी संप्रेरकं पाण्याबरोबर वर चढून कोंब फुटायला मदत करतात. आडसराच्या म्हणजे शहाळ्याच्या पाण्यातही सायटोकायनिनं असतात, 1941 मध्ये प्रयोगशाळेत धोत्र्याचे इवलेसे गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढवले गेले होते, मला ही गोष्ट अजून भारी वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं की आमूलाग्र म्हणजे 'खूप मोठा' नव्हे. तो आकार सांगत नाही, व्याप्ती सांगतो. 2016 मध्ये गोव्यात वृक्ष संरक्षण कायद्यातून माड वगळला, लोक चिडले, नंतर तो परत आत घेतला. बातमी मोठी होती पण बदल एका व्याख्येतला, तिथं हा शब्द बसत नाही. उलट 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा घ्या, जमीन कसणारा आणि जमिनीचा मालक, भाटकार म्हणजे जमीनदार आणि त्याच्या भाटात म्हणजे माडांच्या बागेत घर करून राहणारा मुंडकार, ही नातीच बदलायला निघालेले कायदे, तिथं शब्द शोभतो. पण मुंडकारांच्या किती केसी अजून मामलेदाराकडे पडून आहेत, म्हणजे पणजीत शेंडा फुटला आणि वाड्यावर मूळ अजून पुरतं धरलेलं नाही, अशा वेळी 'आमूलाग्र बदल झाला' लिहिण्यापेक्षा 'होतोय' लिहावं असं मला मनापासून वाटतं.

मेलेल्या माडापासून थोडं लांब आम्ही कवाथो, म्हणजे माडाचं रोप, लावलाय. नारळाला तीन डोळे असतात, त्यातल्या एका मऊ डोळ्याखालचा गर्भ बाहेर आला, आणि सोडण म्हणजे वरचं काथ्याचं साल हाताने जरा बाजूला केलं तर दिसतं, वर हिरवा टोकदार कोंब आणि त्याच्याच बुडाशी पांढरी मुळं, दोन्ही एकाच डोळ्यातून आलेली.